साबणाच्या नावाचं गाव: विल्यम लीव्हर आणि कंपन्यांच्या परोपकाराचा हिशेब

आमच्या शाळेत हात धुण्याचे सहा नळ बसले, त्याला आता दीड वर्ष झालं. एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर निधीतून. उद्घाटनाला साहेब लोक आले, फीत कापली, फोटो झाले. नळांच्या वर कंपनीचा फलक लागला. तो शाळेच्या नावाच्या पाटीपेक्षा मोठा होता, पण पाणी येत होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. मुलांनी आभाराचं गाणंही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात एका मुलीनं हात वर करून विचारलं की यातून कंपनीला काय मिळतं. वर्ग हसला. आम्हाला मात्र चटकन उत्तर देता आलं नाही. आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलं जातं की नेकी करावी आणि दर्यात टाकून द्यावी, तिचा गाजावाजा करू नये. इथे तर नेकी फलकावर लावलेली. मग ही नेकी आहे की धंदा? की दोन्ही?

उत्तर शोधता शोधता आम्ही एका माणसाच्या आयुष्यापाशी पोहोचलो. तो १०० वर्षांपूर्वी वारला. त्याच्या काळात सीएसआर हा शब्दही नव्हता. पण आज मोठमोठ्या कंपन्या जे करतात ते त्यानं आधीच करून ठेवलं होतं, चांगलंही आणि वाईटही. त्याचं नाव विल्यम हेस्केथ लीव्हर. सनलाइट आणि लाइफबॉय साबणाचा मालक.

किराणा दुकानातला मुलगा

विल्यमचा जन्म १९ सप्टेंबर १८५१ रोजी इंग्लंडमधल्या बोल्टन या गावी झाला. बोल्टन म्हणजे सूतगिरण्यांचं, धुराड्यांचं गाव. वडील जेम्स लीव्हर यांचा किराण्याचा व्यापार होता. घर धार्मिक, शिस्तीचं, दारूला दूर ठेवणारं. दहा भावंडांत विल्यम सातवा, मुलग्यांत थोरला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या धंद्यात लागला.

त्याच्या वाट्याला आलेलं एक काम असं, की साबणाच्या लांबच लांब लाद्या कापायच्या आणि गिऱ्हाइकासाठी तुकडे कागदात बांधायचे. त्या काळी साबणाला नाव नसायचं. आपल्याकडे गूळ जसा ढेपेतून फोडून देतात, तसा साबण तोडून, तोलून मिळायचा. कुणी बनवला, त्यात काय घातलं, हे गिऱ्हाइकाला कळायचं नाही.

१८७२ साली वडिलांनी त्याला भागीदार केलं. १८७४ मध्ये एलिझाबेथ हल्म हिच्याशी लग्न झालं. धंदा वाढवण्यासाठी तो गावोगाव फिरला. या फिरण्यात त्याच्या लक्षात आलं की गिरण्यांत राबणाऱ्या लाखो कुटुंबांच्या हातात आता थोडा पैसा येतोय आणि त्यांना स्वच्छता परवडू लागली आहे. पण त्यांच्यासाठी भरवशाचा, एकसारखा साबण कुणी विकत नव्हतं.

साबणाला नाव मिळालं

१८८४ मध्ये लीव्हर यांनी ‘सनलाइट’ हे नाव नोंदवून घेतलं. साबण हातात यायच्या आधीच नाव! पुढच्या वर्षी भाऊ जेम्स डार्सी याच्याबरोबर वॉरिंग्टनला एक छोटा साबण कारखाना घेतला. नुसत्या चरबीवर अवलंबून न राहता त्यांनी खोबरेल, पामच्या बियांचं तेल, सरकीचं तेल यांचं प्रमाण वाढवलं. त्यामुळे फेस चांगला यायचा. वडी ठरावीक मापाची, कागदात गुंडाळलेली, वर नाव छापलेलं.

आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण त्या वेळी ही क्रांती होती. गिऱ्हाईक दुकानदाराकडे आता नुसता साबण मागत नव्हतं, नाव घेऊन मागत होतं. लीव्हर यांनी जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतला. चित्रकार फ्रिथ यांचं एका लहान मुलीचं चित्र विकत घेतलं आणि साबणाच्या जाहिरातीत वापरलं. वेष्टणं जमवून पाठवा आणि बक्षीस मिळवा, ही युक्तीही त्यांनी वापरली. दोन-तीन वर्षांत वॉरिंग्टनचा कारखाना अपुरा पडू लागला.

आम्ही आठवीच्या वर्गाला इथे एक गोष्ट फळ्यावर लिहून दाखवली. नावावर विकणाऱ्या धंद्याची सगळ्यात मोठी मालमत्ता म्हणजे लोकांचा विश्वास. यंत्र जळालं तर नवीन आणता येतं. नाव खराब झालं तर ते कुठून आणणार? म्हणून नावाला जपणं हा अशा कंपनीसाठी खर्च नसतो, भांडवल असतं. लीव्हर यांचं पुढचं सगळं आयुष्य या एका वाक्यानं उलगडतं.

मजुरांसाठी गाव

१८८८ च्या मार्च महिन्यात मर्सी नदीच्या काठी, लिव्हरपूलच्या पलीकडच्या बाजूला, ५६ एकर दलदलीच्या जमिनीवर पहिलं फावडं पडलं. ते मारलं लीव्हर यांच्या पत्नीनं. जागा हिशेबानं निवडली होती. जमीन स्वस्त, बोटीतून तेल थेट दारात, रेल्वे जवळ. कारखान्याच्या शेजारीच कामगारांसाठी गाव वसवायचं ठरलं. गावाचं नाव काय? पोर्ट सनलाइट. साबणाचंच नाव!

त्या काळच्या इंग्लंडमधल्या मजूर वस्त्या डोळ्यांसमोर आणा. पाठीला पाठ लावलेली घरं, एका नळावर कितीतरी कुटुंबं, सांडपाणी दारात. आपल्याकडच्या गिरणगावातल्या चाळी ज्यांनी पाहिल्या त्यांना वेगळं सांगायला नको. पोर्ट सनलाइटमध्ये मात्र प्रत्येक घर हवेशीर, घरात आंघोळीची सोय, पुढे बाग. जवळजवळ ३० वास्तुरचनाकारांनी वेगवेगळ्या धाटणीची घरं उभी केली. शाळा, सभागृह, पोहण्याचा तलाव, चर्च, छोटं हॉस्पिटल, भाजी लावायला जमिनीचे तुकडे. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ८०० च्या आसपास घरं होती आणि साडेतीन हजारांची वस्ती.

लीव्हर याला दान म्हणत नव्हते, हे विशेष. त्यांचं म्हणणं सरळ होतं की हा धंदा आहे, आणि चांगला धंदा आहे. नफ्यातला वाटा मजुराच्या हातात रोख दिला तर तो खाण्यापिण्यात आणि दारूत उडून जाईल, त्यापेक्षा आपण तो घर, बाग, शाळा या रूपानं देऊ, असं ते मानत. घरभाड्यातून देखभालीचा खर्च निघावा, बांधकामात अडकलेल्या पैशावर व्याज घ्यायचं नाही, तोच मजुरांचा वाटा, अशी मांडणी होती.

कंपनीला यातून काय मिळालं? जे मिळालं ते असं. मजूर टिकले. निरोगी माणसाच्या खाड्या कमी होतात, हे तर घर चालवणारी कुठलीही बाई सांगेल. स्वच्छतेचा माल विकणाऱ्या कंपनीचं गावही लखलखीत, म्हणजे गाव हीच जाहिरात. हजारो लोक ते बघायला यायचे आणि परत जाताना साबणाचं नाव घेऊन जायचे.

आणि एक गोष्ट जी फलकावर लिहीत नाहीत ती अशी, की घर नोकरीला बांधलेलं होतं. नोकरी गेली की घर गेलं. घरापुढची बाग कशी दिसावी हेही कंपनीच्या हातात. १९०९ मध्ये नफ्यात भागीदारीची योजना आली, कामगारांना प्रमाणपत्रं मिळाली. पण वागणूक ठीक नसेल तर ती रद्द करण्याचा हक्क कंपनीनं स्वतःकडे ठेवला. एका कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यानं लीव्हर यांना कळवलं होतं की स्वाभिमानी माणसाचा अशा हवेत जीव गुदमरेल.

इन्साफ म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. गावातलं हॉटेल आधी बिनदारूचं होतं. लोकांनी परवान्याची मागणी केली तेव्हा लीव्हर यांनी गावाचं मतदान घेतलं, बायकांनाही मत दिलं. इंग्लंडमध्ये बायकांना संसदेसाठी मताचा हक्क नव्हता तेव्हाची ही गोष्ट. निकाल स्वतःच्या इच्छेविरुद्ध गेला, तरी त्यांनी तो मानला. १९०६ मध्ये ते खासदार झाले आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी बोलले. कामाचा दिवस सहा तासांचा असावा, हाही त्यांचा आग्रह होता. हा माणूस ढोंगी होता, असं म्हणून विषय संपवता येत नाही.

बदनामी आणि देणगी

१९०६ मध्येच त्यांच्या नावाला पहिला मोठा तडा गेला. साबण कंपन्यांनी एकत्र येऊन संघ करायचं ठरवलं. लीव्हर त्यात पुढे होते. त्याच सुमारास किंमत तीच ठेवून वडीचं वजन १६ औंसांवरून १५ औंस केलं गेलं. ही युक्ती आज आपल्या बिस्किटाच्या पुड्यात रोज दिसते. ‘डेली मेल’ या वर्तमानपत्रानं गरिबांना लुटणारा संघ म्हणून मोहीम उघडली. विक्री कोसळली, शेअर कोसळले, संघ मोडला.

लीव्हर कोर्टात गेले. १९०७ मध्ये वर्तमानपत्राला तडजोडीत ५०,००० पौंड द्यावे लागले, त्या काळात प्रचंड रक्कम. लीव्हर यांनी भरपाईच्या पैशातून लिव्हरपूल विद्यापीठाला मोठी देणगी दिली. तिच्यातून नगररचनेच्या अभ्यासाला आणि उष्ण प्रदेशांतल्या रोगांच्या अभ्यासाला आधार मिळाला. काम चांगलंच होतं. पण आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या शहराला आणि कंपनीला या रोगांवर इलाज हवाच होता, हेही खरं.

गावाबाहेरची बाजू: काँगो

साबणाला तेल लागतं. मार्जरीनवाल्यांनाही तेच तेल लागू लागलं आणि भाव चढले. लीव्हर यांना तेलाचा स्वतःचा झरा हवा होता. पश्चिम आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींनी त्यांना हव्या तशा मोठ्या जमिनी द्यायला नकार दिला. मग ते बेल्जियमकडे वळले.

काँगोत राजा लिओपोल्डच्या रबराच्या धंद्यात जे अत्याचार झाले होते, त्यांची बातमी जगभर गेली होती. १९०८ मध्ये बेल्जियम सरकारनं काँगो राजाकडून आपल्या ताब्यात घेतला. सरकारला आता स्वच्छ नावाची कंपनी हवी होती. आणि पोर्ट सनलाइटच्या मालकापेक्षा स्वच्छ नाव कुणाचं? इथे ते भांडवल उपयोगी पडलं. १९११ मध्ये करार झाला. पामची झाडं असलेल्या प्रदेशात पाच मोठी वर्तुळं आखली गेली, त्यांतून साडेसात लाख हेक्टरपर्यंत जमीन कंपनीला मिळू शकत होती. करारात शाळा, हॉस्पिटल, किमान मजुरी, सगळं लिहिलं होतं. मुख्य ठाण्याचं नाव ठेवलं लीव्हरव्हिल.

कागद सुंदर होता. जमिनीवर काय झालं? तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या पामची फळं तोडत, तेल काढत, विकत आले होते. आता आपल्याच झाडांची फळं कंपनीलाच द्यायची, भाव कंपनीचा. उंच झाडावर चढून घड तोडणं हे जिवावरचं काम, मजुरी तुटपुंजी. लोक मनानं येईनात. तेव्हा सरकारी अंमलदार, कराचा बोजा आणि शिक्षेची भीती दाखवून माणसं आणली गेली. याची कागदपत्रं बेल्जियमचे माजी राजदूत ज्यूल मार्शाल यांनी अनेक वर्षांनी शोधून पुस्तकात मांडली, तेव्हा जगाला ही बाजू तपशिलानं कळली.

लीव्हर यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९३१ मध्ये, मंदीत फळांचे भाव आणखी पाडले गेले, कर मात्र भरायचाच होता. तेव्हा पेंडे जमातीनं उठाव केला. वसाहतीच्या फौजेनं तो मोडला, शेकडो माणसं मारली गेली.

एकाच साबणाच्या वडीची दोन टोकं बघा. एका टोकाला बागेतलं घर, दुसऱ्या टोकाला सक्तीची मजुरी. पोर्ट सनलाइटचा मजूर मतदाराच्या, वर्तमानपत्राच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होता. काँगोचा मजूर कुणालाच दिसत नव्हता.

बेटावरच्या लोकांचा नकार

शेवटच्या वर्षांत लीव्हर यांनी स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस आणि हॅरिस ही बेटं विकत घेतली, १९१८ आणि १९१९ मध्ये. बंदर, मासळीचे कारखाने, रस्ते, मोठी स्वप्नं होती. पण युद्धावरून परतलेल्या सैनिकांना जमिनीचं वचन मिळालं होतं. त्यांना लीव्हर यांच्या कारखान्यातली पगारी नोकरी नको होती, स्वतःचा जमिनीचा तुकडा हवा होता. त्यांनी शेतांचा ताबा घेतला. लीव्हर यांना हे समजेना. आपण यांचं भलं करतोय, मग हे अडवतात का?

१९२३ मध्ये त्यांनी लुईस सोडलं आणि जाताना जमीन लोकांनाच देऊ केली. स्टोर्नोवे या मुख्य गावानं ती घेतली. तिथला ट्रस्ट आजही लोकांच्या वतीनं जमीन सांभाळतो.

७ मे १९२५ रोजी, आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतल्यावर काही काळातच, न्यूमोनियानं लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. तोवर ते लॉर्ड लेव्हरह्यूम झाले होते. दफन पोर्ट सनलाइटलाच झालं. मृत्युपत्रातून संशोधनासाठी जो ट्रस्ट निघाला तो आजही विद्यापीठांना पैसा देतो.

शिवडीपर्यंत

सनलाइटच्या पेट्या १८८८ मध्येच कलकत्ता बंदरात उतरल्या होत्या. लाइफबॉय १८९५ मध्ये आला. १९३० मध्ये लीव्हरची कंपनी आणि डच मार्जरीन कंपनी मिळून युनिलिव्हर झाली. १९३३ मध्ये भारतात लीव्हर ब्रदर्स कंपनी निघाली आणि १९३४ मध्ये मुंबईत शिवडीला साबण बनू लागला. १९५६ मध्ये तीन कंपन्या मिळून हिंदुस्तान लीव्हर झाली, आजची हिंदुस्तान युनिलिव्हर.

या कंपनीनं २००० सालानंतर खेड्यांत दोन मोठी कामं केली. लाइफबॉयच्या नावानं हात धुण्याची मोहीम, आणि बचत गटातल्या बायकांना माल विकायला देणारा ‘शक्ती’ उपक्रम. हात धुतल्यानं जुलाब कमी होतात, मुलांचे जीव वाचतात, हे वैद्यकशास्त्र सांगतं. आणि हात धुणारे वाढले की साबण जास्त खपतो, हेही उघड आहे. बाईला कमाई मिळते, कंपनीला अशा गावात विक्रेती मिळते जिथे एजन्सीची गाडी जात नाही. दोघांचा फायदा एका धाग्यात ओवलेला. लीव्हर यांचीच शिकवण.

कायद्यानं ओढलेली रेघ

२०१३ च्या कंपनी कायद्यानं भारतानं पुढचं पाऊल टाकलं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची. हे बंधन १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं.

पण नियमांत एक मजेशीर गोष्ट आहे. फक्त स्वतःच्या कामगारांच्या भल्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. धंद्याच्या नेहमीच्या कामाचा भाग असलेला खर्चही सहसा धरत नाहीत. २०२१ पासून तर मालाच्या जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी केलेलं प्रायोजकत्वही बाद आहे. म्हणजे पोर्ट सनलाइट आज आपल्याकडे बांधलं, तर ते सीएसआरमध्ये बसणारच नाही! जी रेघ लीव्हर यांनी कधी ओढली नाही, ती कायद्यानं ओढली.

आपल्या वस्त्यांतल्या शाळा, मदरसे, दवाखाने, महिला मंडळं आता या निधीसाठी अर्ज करतात. करायलाच पाहिजेत. हा पैसा कुणाची मेहेरबानी नाही, कायद्यानं ठरवलेलं कर्तव्य आहे. हात पसरून नाही, हक्कानं आणि हिशेबानं मागावा. आणि मागताना लीव्हर यांच्या आयुष्यातून निघणारे तीन प्रश्न विचारावेत. दिलेली सोय उद्या बंद झाली तर आपलं काय होईल? ती घेऊन आपलं तोंड बंद होतंय का? आणि हीच कंपनी, जिथे फोटो निघत नाहीत तिथे, आपल्या मजुरांशी आणि शेतकऱ्यांशी कशी वागते?

आठवीच्या वर्गात हे सगळं सांगायला चार तास लागले. शेवटी आम्ही मुलांना विचारलं, की नळ घ्यायचे की नको. सगळे म्हणाले, घ्यायचे. त्या मुलीनं मात्र आणखी एक सांगितलं, की सहापैकी दोन नळ गळतायत. मग वर्गानं मिळून कंपनीला पत्र लिहिलं. आधी आभार मानले, मग विचारलं की दुरुस्तीची जबाबदारी करारात कुणाची आहे. करार आमच्यापैकी कुणी पाहिलेलाच नव्हता. तो आता मुख्याध्यापकांच्या कपाटातून बाहेर काढलाय, आणि येत्या शनिवारी पालकसभेत वाचून दाखवणार आहोत.